खोकला गेला, तरी गोळ्या कशाला?



गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी झाली. तिथे एक मावशी आल्या होत्या. त्यांच्या मुलाला टीबीचे औषध सुरू आहे. दोन महिने झाले. खोकला गेला, वजन वाढले, थुंकीच्या तपासणीत जंतू दिसला नाही. मावशी म्हणाल्या, "पोरगा चांगला झाला की. मग अजून चार महिने गोळ्या कशाला? गोळी घेतली की त्याला मळमळतं, कामावर उभं राहवत नाही. रोजी बुडते."

आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "मावशी, काही जंतू मरत नाहीत, झोपून राहतात. गोळ्या सोडल्या की पुन्हा उठतात." मावशींनी लगेच विचारले, "जंतू काय माणूस आहे का झोपायला? त्याला कोण सांगतं झोप म्हणून, आणि कोण उठवतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. "गोळ्या पूर्ण करा" असे सगळेच सांगतात, का ते कोणी सांगत नाही. आणि कारण कळल्याशिवाय मळमळ सोसून, रोजी बुडवून सहा महिने गोळ्या खायला माणसाचे मन तयार होत नाही. म्हणून या वेळचे आरोग्य पान मावशींच्या प्रश्नाला दिले आहे. गोष्ट थोडी खोलात जाईल, पण जिना एक एक पायरीने चढू.

जंतूच्या पोटात काय असते

जंतू म्हणजे एकाच पेशीचा जीव. आपल्या शरीरात अब्जावधी पेशी असतात, जंतूचा सारा संसार एका पेशीत. या पेशीत डीएनए नावाचा एक लांब, पीळ असलेला दुपदरी धागा असतो. त्यावर चार रासायनिक अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. या चार अक्षरांच्या क्रमातून जंतूला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची कृती लिहिलेली असते. एका वस्तूची कृती म्हणजे एक जनुक. ती वस्तू बहुतेक वेळा प्रथिन असते: कोणते प्रथिन अन्न पचवते, कोणते पेशीची भिंत बांधते, कोणते आत आलेले विष बाहेर टाकते.

क्षयाच्या जंतूचा डीएनए १९९८ साली पूर्ण वाचून झाला. त्यात सुमारे ४४ लाख अक्षरे आणि सुमारे चार हजार जनुके निघाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाजवळ चार हजार कृतींची वही आहे असे समजा.

वही असली म्हणून सगळे पदार्थ रोज कोणी करत नाही. पाहुणे यायचे नसताना रोज पुरणपोळी केली तर महिन्याचा शिधा आठ दिवसांत संपेल. जंतूचेही तसेच. प्रथिन बनवायला शक्ती लागते, माल लागतो. म्हणून ज्या वेळी जे हवे तेवढेच जनुक तो चालू ठेवतो, बाकीची बंद ठेवतो.

डीएनए वाचून त्याची प्रत काढणारे एक यंत्र पेशीत असते. त्याला आरएनए पॉलिमरेज म्हणतात. आपण त्याला 'वाचक यंत्र' म्हणू. हे यंत्र ज्या जनुकाची प्रत काढते ते जनुक चालू, ज्याची काढत नाही ते बंद. आता प्रश्न असा की यंत्राला कुठे थांबायचे आणि कुठे चालायचे हे कोण सांगते?

जंतूतला चावीवाला

आपल्या वस्तीत पाणी कसे येते ते आठवा. मोठी पाइपलाइन सगळीकडून जाते, पण कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचे ते चावीवाला ठरवतो. तो येऊन व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा नळाला धार लागते. पाणी तेच, पाइप तोच. फरक चावीचा.

जंतूच्या पेशीतही असे चावीवाले असतात. त्यांना नियामक प्रथिने म्हणतात. ती डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतात. काही प्रथिने वाचक यंत्राच्या वाटेत बसून जनुक बंद ठेवतात, काही शेजारी बसून यंत्राला बोलावून घेतात आणि जनुक चालू करतात.

हे पहिल्यांदा नीट उलगडले ते फ्रान्समध्ये. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली ते मांडले. त्यांनी अभ्यासला होता ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू. या जंतूला दुधातली साखर पचवता येते, पण ती पचवणारे प्रथिन तो एरवी जवळजवळ बनवतच नाही. दुधाची साखर मिळाली की तेच प्रथिन हजार पटीपर्यंत वाढते. जाकोब आणि मोनो यांनी सांगितले की त्या जनुकाच्या तोंडाशी एक रोखणारा पदार्थ बसलेला असला पाहिजे. साखर आली की तो उठतो. या कामासाठी आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत त्यांना १९६५ चे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो रोखणारा पदार्थ पेशीतून प्रत्यक्ष वेगळा काढला. ते प्रथिनच निघाले.

साखर आल्याचे त्या प्रथिनाला कळते कसे? साखरेचाच एक बदललेला रूपातला कण त्या प्रथिनाला येऊन चिकटतो. चिकटल्यावर प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, डीएनएवरची पकड सुटते आणि वाट मोकळी होते. साखर संपली की तो कणही राहत नाही. प्रथिन पुन्हा पहिल्या आकारात येते आणि आपल्या जागेवर बसते. इथे विचार करणारे कोणी नाही, हुकूम देणारे कोणी नाही. एक वस्तू दुसरीला चिकटते, आकार बदलतो, पकड बसते किंवा सुटते. एवढ्यावरच सगळा कारभार चालतो.

अंधारात नेमकी जागा कशी सापडते

ई. कोलायच्या डीएनएत ४६ लाख अक्षरांच्या जोड्या आहेत. त्याचा धागा सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल. जंतू मात्र मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. म्हणजे धागा गुंडाळून कोंबलेला. दुधाच्या साखरेचा चावीवाला प्रत्येक पेशीत जेमतेम दहाच्या आसपास असतो. तरी तो वीस-एकवीस अक्षरांची आपली जागा शोधून काढतो. कशी?

कपडे वाळत घालायची दोन पदरांची पीळ दिलेली दोरी घ्या. डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवा. पिळामुळे झालेली खाच बोटाला लागेल. डीएनएलाही पिळामुळे अशाच दोन खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. अक्षरे दोन पदरांच्या मध्ये, शिडीच्या पायऱ्यांसारखी असतात, पण त्यांच्या कडा खाचेतून बाहेर उघड्या असतात.

नियामक प्रथिनाला स्प्रिंगसारखा वळलेला एक छोटा तुकडा असतो. तो रुंद खाचेत अचूक मावतो. त्याच्या अंगावरचे अणूंचे उंचवटे अक्षरांच्या कडा चाचपतात. अंध व्यक्ती ब्रेल लिपी बोटांनी वाचते, तसेच हे आहे. त्यासाठी डीएनएची शिडी उघडावी लागत नाही. अक्षरे चुकीची असली तर पकड सैल राहते आणि प्रथिन पुढे सरकते. अक्षरे जुळली की अनेक लहान लहान आकर्षणे एकाच वेळी लागू होतात आणि प्रथिन घट्ट बसते. एकेक आकर्षण दुबळे असते, पण सगळी एकत्र आली की जागा सुटत नाही.

आणखी एक गंमत आहे. ही प्रथिने बहुधा जोडीने काम करतात. म्हणून डीएनएवरची त्यांची जागाही दोन अर्ध्यांची असते, आणि एक अर्ध दुसऱ्याचे उलट रूप असते. एका हाताने धरलेली दोरी निसटू शकते, दोन हातांनी धरली की पकड पक्की.

या लेखात पुढे येणाऱ्या सगळ्या चावीवाल्यांची पकड थोड्याफार फरकाने याच पद्धतीची आहे. आता ते आपल्या आजाराशी कुठे येऊन भिडतात ते पाहू.

औषध आत आले की पंप सुरू

टेट्रासायक्लिन हे जुने, सर्वांना ऐकून माहीत असलेले अँटिबायोटिक. काही जंतूंजवळ या औषधाला पेशीबाहेर फेकणारा पंप बनवण्याचे जनुक असते. पण पंप सतत चालू ठेवणे जंतूलाच बाधते. म्हणून टेट-आर नावाचे प्रथिन त्या जनुकावर बसून ते बंद ठेवते. टेट्रासायक्लिन पेशीत शिरले की ते टेट-आरला चिकटते. टेट-आरची पकड सुटते, पंप बनू लागतो आणि औषध बाहेर फेकले जाते.

या चावीवाल्याला औषध इतके लवकर कळते की जंतूला इजा होईल एवढे औषध साठण्याआधीच पंपाची तयारी सुरू होते. शिवाय असे पंपाचे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकते. म्हणून सर्दी झाली की मेडिकलवाल्याला सांगून दोन कॅप्सूल घेणे, शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या खाणे, हे नुसते पैसे वाया घालवणे नाही. साधी सर्दी विषाणूने होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पण पोटातल्या, घशातल्या इतर जंतूंपैकी ज्यांच्याकडे पंप आहे ते टिकतात, ज्यांच्याकडे नाही ते मरतात. आपण आपल्याच शरीरात बेरड जंतूंची निवड करून ठेवतो.

क्षयाचा जंतू झोपतो कसा

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. हा जंतू मुळातच संथ. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ दिवस लागतो.

हा जंतू हवेतून फुफ्फुसात शिरला की आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला घेरतात. त्याच्याभोवती पेशींची गाठ तयार होते. गाठीच्या आत हवा कमी पोहोचते, प्राणवायू कमी पडतो. शिवाय आपल्या पेशी जंतूवर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. जंतूच्या दृष्टीने हा वेढा आहे.

जंतूच्या पेशीत डॉस-एस आणि डॉस-टी नावाची दोन प्रथिने राखणदारासारखी असतात. प्राणवायू घटला किंवा नायट्रिक ऑक्साइड आला की त्यांना ते कळते. ती डॉस-आर या नियामक प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटवतात. कण चिकटला की डॉस-आर जागा होतो, डीएनएवरच्या आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसतो आणि जवळजवळ पन्नास जनुके एकदम चालू करतो. एका चावीने पन्नास गल्ल्यांना पाणी सुटावे तसे.

या जनुकांमुळे जंतूचा संसार बदलतो. वाढ थांबते, खर्च कमी होतो, कमी प्राणवायूत तग धरता येतो. यालाच आम्ही 'झोप' म्हणालो होतो. या प्रथिनाचे दुसरे नाव डेव्ह-आर. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जया त्यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला आणि वर्षानुवर्षे अभ्यास केला. आपल्याच देशातल्या प्रयोगशाळेतून आलेले हे ज्ञान आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

तर मावशी, जंतूला झोप म्हणून सांगते ती कमी झालेली हवा, आणि निरोप पोहोचवते ते डॉस-आर. उठवते कोण? जंतूचा वेढा सैल पडला की तो पुन्हा वाढू लागतो. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू-सिगारेट, दारू, म्हातारपण यांनी शरीराची ताकद कमी होते आणि वेढा सैल पडतो. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी या जंतूची लागण झालेली आहे. त्यातल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात प्रत्यक्ष आजार होतो. यात कोणाचे पाप नाही, कोणाची करणी नाही, बाहेरची बाधा नाही. जंतू आहे, शरीर आहे, आणि पोटाला मिळणारे अन्न व राहायला मिळणारी हवा आहे.

मग सहा महिने का

टीबीच्या गोळ्यांत चार औषधे असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन.

आयसोनियाझिड जंतूची भिंत बांधण्याचे काम अडवते. जो जंतू भराभर वाढतो आहे, भिंत बांधतो आहे, तो याने पटकन मरतो. म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, ताप जातो. मावशींच्या मुलाचे असेच झाले. पण जो जंतू निपचित आहे, भिंत बांधतच नाही, त्याचे हे औषध फारसे बिघडवत नाही. एका चाळीत रंगकाम थांबवायचे म्हणून रंगाऱ्यांना अडवले, तर ज्या खोलीत रंग चाललाच नाही तिथे काय फरक पडणार?

रिफाम्पिसिनचे काम वेगळे. ते थेट वाचक यंत्रावर जाऊन बसते. दोन-तीन अक्षरांची प्रत निघते न निघते तोच यंत्र अडते. चावीवाला एखाद्या गल्लीचे पाणी बंद करतो, रिफाम्पिसिन मुख्य पंपच बंद पाडते. निपचित जंतूही अधूनमधून थोडे हलतात, एखादे जनुक वाचायला घेतात. त्या क्षणी रिफाम्पिसिन हजर असेल तर ते मरतात. नसेल तर वाचतात. कोणता जंतू कोणत्या दिवशी हलेल हे सांगता येत नाही. म्हणून औषध रोज शरीरात असावे लागते, आणि महिनोन्महिने असावे लागते. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यायच्या आधी टीबीचे औषध दीड-दोन वर्षे घ्यावे लागत असे. सहा महिने ही कमी करत आणलेली मुदत आहे.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. निपचित जंतू औषधाला मुरलेला नसतो. तो उठला की तेच औषध त्याला पुन्हा मारू शकते. मुरलेला जंतू निराळा. जंतूंची संख्या कोट्यवधीत असते, आणि नक्कल काढताना डीएनएत कधी कधी एखादे अक्षर चुकते. तेवढ्या कोटींत एखाद्याचे चुकलेले अक्षर नेमके वाचक यंत्राच्या जनुकात असते. मग रिफाम्पिसिनला बसायची जागाच बदलते. चारही औषधे रोज चालू असतील तर एकाला चुकवलेला जंतू दुसऱ्याकडून मरतो. गोळ्या आज घेतल्या, चार दिवस सोडल्या, पुन्हा घेतल्या, असे झाले की तो वाचतो, वाढतो, आणि पुढची सारी प्रजा तशीच निपजते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत थुंकीतल्या जंतूच्या याच जनुकातली अक्षरे पाहतात. काही तासांत कळते की रिफाम्पिसिन चालेल की नाही.

चावीवालाच बिघडला तर

ज्यांच्या जंतूवर रिफाम्पिसिन चालत नाही त्यांच्यासाठी बेडाक्विलिन हे नवे औषध आहे. ते इतर औषधांसोबत दिले जाते आणि त्याने अनेकांचे प्राण वाचत आहेत. पण इथेही एक चावीवाला आडवा येतो. क्षयाच्या जंतूत आरव्ही ०६७८ नावाचे प्रथिन एका पंपाचे जनुक बंद ठेवते. या चावीवाल्याच्या स्वतःच्या जनुकात अक्षर चुकले तर त्याला डीएनए धरता येत नाही. व्हॉल्व्ह उघडा राहतो, पंप चालूच राहतो आणि बेडाक्विलिन बाहेर फेकले जाऊ लागते.

म्हणजे एका अक्षराच्या चुकीने, नव्यात नवे औषधही दुबळे होऊ शकते. हे औषध मिळालेल्या रुग्णाने एकही डोस चुकवू नये तो यासाठी. याच्या पुढे हाताशी असलेली औषधे फार नाहीत.

घरात काय करायचे

आता कामाच्या गोष्टी.

१. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, थुंकीत रक्त, यातले काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

२. बरे वाटले म्हणून गोळी थांबवू नका. बरे वाटणे म्हणजे वाढणारे जंतू मेले. निपचित असलेले अजून आहेत.

३. रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लालसर होते. घाबरू नका, ते औषधाचा रंग आहे.

४. मळमळ होत असेल तर गोळी कधी आणि कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. डोळे पिवळे दिसणे, सतत उलट्या, नजर अंधुक होणे, रंग ओळखता न येणे, हातापायांना मुंग्या येणे यातले काही झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आपल्या मनाने गप्प गोळ्या सोडू नका. औषध बदलता येते.

५. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ताईंनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रिफाम्पिसिनमुळे यकृतातली काही जनुके चालू होतात आणि गर्भनिरोधक गोळी लवकर निकामी होते. आपल्या पेशींतही चावीवाले आहेत ते असे. या काळात दुसरे साधन वापरा. मधुमेहाच्या, एचआयव्हीच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.

६. घरात कोणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला तर घरातल्या सर्वांची तपासणी करा. आजार नसलेल्यांना, विशेषतः लहान मुलांना, निपचित जंतू उठू नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळते. ते आशाताईंना विचारा.

७. रुग्णाचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करू नका. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खोकताना तोंडावर रुमाल, खिडकी-दार उघडे, आणि वेळेवर गोळी एवढे पुरे. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या रुग्णांना काहींना घरीच औषध दिले, काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले. घरी औषध घेणारेही तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली नाही. औषध सुरू असलेल्या माणसाला घराबाहेर काढण्याची गरज नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

८. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे जमा होतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली आहे. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. नोंदणीच्या वेळी खाते क्रमांक द्या, पैसे आले नाहीत तर विचारा. त्यातून डाळ, अंडी, शेंगदाणे आणा. शरीराचा वेढा अन्नावर उभा असतो.

९. दवाखान्यात गोळ्या संपल्या असे सांगितले तर रिकाम्या हाताने परत येऊ नका. लेखी तक्रार करा, वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सोबत न्या. डोस चुकला की जंतूला त्याचे कारण विचारायचे नसते. चूक रुग्णाची असो वा यंत्रणेची, फायदा त्याचाच होतो.

मावशींच्या मुलाला आम्ही पुन्हा भेटलो. मळमळीबद्दल त्याने डॉक्टरांना सांगितले, त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. मुकादमाला सांगून त्याने काही दिवस हलके काम मागून घेतले आहे. गोळ्यांच्या पाकिटावर मावशी रोज पेनाने खूण करतात. आम्ही गेलो तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. निघताना मावशी म्हणाल्या, "झोपलाय तर झोपू दे, पण उठायच्या आत त्याला गाठायचं, एवढं कळलं."

आम्हाला एवढेच सांगायचे होते.

पुढील अंकात: घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाची काळजी. आपले प्रश्न विहारातल्या पेटीत टाका किंवा अंक आणून देणाऱ्या कार्यकर्त्याकडे द्या.